घरचा पोपट : हौस, कायदा आणि कर्तव्य

पोपट आणि मराठी माणूस यांचे नाते फार जुने आहे. राघू, रावा, शुक, कीर अशी कितीतरी नावे आपल्या भाषेने या एका पक्ष्याला दिली. गोमंतकात तर आजही तो 'कीर' याच नावाने ओळखला जातो. कोवळ्या हिरव्या रंगाला 'पोपटी' म्हणावे आणि अर्थ न समजता केलेल्या पाठांतराला 'पोपटपंची', इतका हा पक्षी आपल्या बोलण्यात मुरलेला आहे. ओसरीच्या वाशाला टांगलेला तारांचा गोल पिंजरा, त्यात पेरूची फोड, भिजवलेली हरभऱ्याची डाळ व हिरवी मिरची, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास 'मिठू मिठू' अशी साद घालणारा हिरवा पक्षी हे चित्र कोणास परिचित नाही?

या चित्राला एक दुसरी बाजू आहे. नीट सांभाळलेला पोपट वीस वर्षांहून अधिक काळ जगू शकतो. प्रत्यक्षात मात्र घरोघरचे पोपट चार-पाच वर्षांतच दगावल्याचे ऐकू येते. मग 'मांजराची धास्ती घेतली' किंवा 'दृष्ट लागली' असे म्हणून पिंजरा धुतला जातो आणि त्यात दुसरा पक्षी येतो. त्या घरात प्रेम नव्हते असे नाही. उणीव होती ती माहितीची. कोणता पोपट पाळता येतो, कोणता पाळता येत नाही आणि पाळलेल्याची निगा कशी राखावी, या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रानातल्या पोपटास पिंजरा वर्ज्य

आपल्या परिसरात पोपटांच्या काही जाती निसर्गतः आढळतात. शेतांवर व बागांवर थव्याने उतरणारा, नराच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ असणारा नेहमीचा पोपट सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याहून थोर अंगाचा, खांद्यावर लाल डाग असलेला तो पहाडी पोपट. जांभळट तांबूस डोक्याचा छोटा पोपट रानाच्या कडेने दिसतो. पश्चिम घाटाच्या जंगलात राहणारा निळ्या पंखांचा मलबारी पोपट जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही.

हे पक्षी झाडांच्या ढोलीत घरटे करतात. थंडी सरू लागली की त्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो. नेमक्या याच काळात पिले काढणारे लोक रानात शिरतात. ढोलीचे तोंड कोयत्याने मोठे करून, पुरती पिसेही न फुटलेली पिले बाहेर काढली जातात. पाटीत किंवा पिशवीत कोंबून ती शहराकडे नेली जात असता त्यांतील कित्येक वाटेतच मरतात. फुटलेली ढोली पुढील वर्षी घरट्याच्या उपयोगाची राहत नाही. म्हणजे बाजारातून एक पिलू घरी आणणारा मनुष्य नकळत अनेक पिलांच्या मृत्यूस व एका घरट्याच्या नाशास हातभार लावीत असतो.

यासाठीच वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या देशी पोपटांना संरक्षण देण्यात आले आहे. भारतीय वन्य पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. याच अधिनियमात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. देशी पोपट पकडणे, विकणे, विकत घेणे अथवा पिंजऱ्यात बाळगणे हा अपराध असून सर्वसाधारण तरतुदीनुसार त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 'आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून पोपट आहे', 'आम्ही पकडला नाही, विकत घेतला' किंवा 'नातेवाइकांनी भेट दिला' या सबबी कायद्यापुढे टिकत नाहीत.

मग कोणता पोपट पाळावा?

ज्यांना पोपटाची खरोखर आवड आहे, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या आश्रयाने वाढलेल्या परदेशी जातीचा विचार करावा. मध्यम अंगाच्या अशा पोपटांत नवशिक्या पालकास सर्वांत सोयीचा पक्षी म्हणजे कॉकॅटिएल. आपल्याकडील पक्षिबाजारात त्याला 'कॉकटेल' असे म्हटले जाते. मूळचा हा ऑस्ट्रेलियातील कोरड्या, मोकळ्या प्रदेशाचा रहिवासी. काकाकुव्याच्या कुळातील हा सर्वांत लहान पक्षी होय. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी सुमारे ३० ते ३३ सेंटिमीटर व वजन साधारणतः ८० ते १०० ग्रॅम असते. मूळ रंग राखाडी, डोक्यावर तुरा, नराचा चेहरा पिवळा आणि गालावर नारिंगी ठिपका. मादीचे रंग फिके असून तिच्या शेपटीच्या खालच्या बाजूस आडवे पट्टे असतात. पांढऱ्या, पिवळ्या व ठिपकेदार अंगाचे पक्षीही निपजविण्यात आले आहेत. उत्तम निगा राखल्यास हा पक्षी पंधरा ते वीस वर्षे जगतो.

परदेशी पोपटांच्या बाबतीतही कायद्याचे भान ठेवणे अगत्याचे आहे. बहुतेक सर्व जाती 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत मोडतात. असे जिवंत पक्षी बाळगणाऱ्याने २०२२ ची दुरुस्ती व तीखाली २०२४ साली झालेले नियम यांनुसार शासनाच्या 'परिवेश' संकेतस्थळावरून त्यांची नोंदणी करावयाची असते. सन कोन्यूर, आफ्रिकेचा राखाडी पोपट इत्यादी पक्षी या तरतुदीत येतात. कॉकॅटिएल हा या करारातून वगळलेल्या मोजक्या जातींपैकी एक आहे, त्यामुळे त्यास ही नोंदणी लागू होत नाही. तथापि कोणताही पक्षी घेताना विक्रेत्याकडून रीतसर पावती घेऊन ती जपून ठेवावी.

आणण्यापूर्वीचा विचार

पक्षी घरी आणण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून काही प्रश्नांची उत्तरे शोधावीत. पुढील पंधरा-वीस वर्षे या पक्ष्याकडे कोण पाहणार? शिकणारी मुले उद्या परगावी गेली तर त्याचे काय? मे महिन्यात सर्वजण गावी जातात तेव्हा त्याला कोण सांभाळील? घरात कोणास दम्याचा विकार आहे काय? कॉकॅटिएलच्या पिसांतून पांढरी बारीक भुकटी सतत झडत असते आणि दमेकऱ्यांस तिचा त्रास होतो. पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य जवळपास आहे काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे समाधानकारक उत्तर नसेल, तर पक्षी न आणणे हेच त्याच्यावर केलेले मोठे प्रेम ठरेल.

निवड करताना डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, गुदद्वाराभोवतीची पिसे न माखलेली व वागणे चपळ असलेला पक्षी घ्यावा. अंग फुगवून दिवसाढवळ्या झोपलेला पक्षी 'गरीब स्वभावाचा' आहे असे विक्रेता सांगतो, पण तो बहुधा आजारी असतो. स्वतःच्या चोचीने खाऊ न लागलेले पिलू स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. त्याला हाताने भरविणे हे अनुभवी माणसाचे काम आहे. घरात आधीचे पक्षी असतील तर नव्या पक्ष्यास किमान एक महिना वेगळ्या खोलीत ठेवावे.

पिंजरा

टांगलेला छोटा गोल पिंजरा पोपटासाठी सर्वथा अयोग्य होय. त्यात पंख पसरता येत नाहीत आणि भेदरलेल्या पक्ष्याला आधाराला कोपराही सापडत नाही. ज्यात प्राण्याला पुरेशी हालचाल करता येत नाही अशा पिंजऱ्यात त्याला कोंडणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली अपराध आहे.

एका कॉकॅटिएलसाठी सुमारे ७५ सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद व ६० सेंटिमीटर उंच असा चौकोनी पिंजरा असावा. त्याहून मोठा असल्यास उत्तमच. गजांमधील अंतर दीड सेंटिमीटरच्या आसपास असावे, म्हणजे पक्ष्याचे डोके अडकणार नाही. निदान दोन बाजूंचे गज आडवे असावेत, कारण पोपट पायांइतकाच चोचीचाही उपयोग करून चढतो. गंजलेल्या किंवा जस्ताचा मुलामा सुटू लागलेल्या तारा वापरू नयेत. चोचीने खरवडलेले जस्त व शिसे पोटात गेल्यास पक्ष्याला विषबाधा होते.

बसण्याच्या दांड्या सर्व एकाच जाडीच्या व गुळगुळीत असू नयेत. पोपटाच्या पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात. सदैव एकाच जाडीच्या दांडीवर बसल्याने तळव्यांना घट्टे व फोड येतात. पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या, औषधफवारणी न झालेल्या, कमीजास्त जाडीच्या फांद्या स्वच्छ धुऊन लावाव्यात. फांदीची साल सोलण्यात पक्ष्याचा वेळ चांगला जातो. अन्नपाण्याच्या वाट्या दांडीच्या थेट खाली ठेवू नयेत. तळाशी वर्तमानपत्राचा कागद घालून तो रोज बदलावा.

पिंजरा भिंतीलगत, माणसांच्या वावरातील खोलीत, डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. स्वयंपाकघरात तो कधीही नसावा. सकाळचे कोवळे ऊन पंधरा-वीस मिनिटे मिळावे, मात्र त्या वेळी पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर सावली असावी आणि मांजर व कावळा यांवर लक्ष असावे. रात्री दहा ते बारा तास शांत झोप मिळणे आवश्यक आहे. कॉकॅटिएलला अंधारात अचानक दचकून पिंजऱ्यात आपटण्याची खोड असते. खोलीत मिणमिणता दिवा ठेवल्यास अशी इजा टळते.

आहार

घरच्या पोपटांच्या अल्पायुष्याचे एक मोठे कारण आहारात आहे. नुसते सूर्यफुलाचे बी खाऊन पक्षी लठ्ठ होतो, त्याच्या यकृतात चरबी साठते आणि अ-जीवनसत्त्व व चुना यांची उणीव राहते. पोळीचे तुकडे, शेव, बिस्किटे आणि बशीतला चहा हे तर पोपटाचे अन्नच नव्हे.

एका कॉकॅटिएलला दिवसाकाठी १० ते १५ ग्रॅम कोरडे अन्न पुरते. त्यात राळे, बाजरी, वरी यांसारखी बारीक धान्ये मुख्य असावीत आणि सूर्यफुलाचे बी केवळ खाऊपुरते असावे. पक्ष्यांसाठी तयार मिळणारे संतुलित गोळीखाद्य देता आल्यास चांगले, पण जुन्या खाद्यावरून त्यावर हळूहळू, काही आठवड्यांत आणावे. रोज सकाळी ताजी भाजी द्यावी. मेथी, कोथिंबीर, शेवग्याची पाने, किसलेले गाजर, तांबड्या भोपळ्याची फोड, मक्याचे कोवळे दाणे व मोड आलेले मूग हे सर्व योग्य होय. पेरू, पपई, बिया काढलेले सफरचंद थोड्या प्रमाणात चालते. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा लहान तुकडा द्यावा. पोपट मिरची आवडीने खातो याचे लहान मुलांस नवल वाटते. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे असतो, ते द्रव्य पक्ष्यांना झोंबतच नाही. मिरचीतून त्याला अ-जीवनसत्त्व मात्र मिळते.

चुन्यासाठी पिंजऱ्याला समुद्रफेस अडकवावा. तो बाजारात मिळतो आणि आपल्या किनाऱ्यावरही वाहून येतो. किनाऱ्यावरचा असल्यास काही दिवस गोड्या पाण्यात भिजवून, पाणी वरचेवर बदलून, उन्हात खडखडीत वाळवून मगच वापरावा.

अॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य, कांदा-लसूण, खारवलेले व तळलेले पदार्थ पक्ष्यास अपायकारक आहेत. सफरचंदाच्या बियाही देऊ नयेत. कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत धान्यावर व शेंगदाण्यावर बुरशी चटकन धरते आणि तिचे विष यकृत नासवते. म्हणून पावसाळ्यात एका वेळी थोडेच धान्य आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे व कुबट वास येताच टाकून द्यावे. ओली भाजी दोन-तीन तासांनी काढून घ्यावी. पाणी दिवसातून दोनदा बदलावे.

घरातील धोके

पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. त्यामुळे तो हवेतील प्राणवायू माणसापेक्षा अधिक कार्यक्षमतेने घेतो, आणि त्याच कारणाने हवेतील विषही. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा रिकामा तापून करपू लागला, तर त्यातून निघणारा वायू माणसाला जाणवण्यापूर्वी शेजारच्या खोलीतील पक्ष्याचा प्राण घेऊ शकतो. डासांची अगरबत्ती, कीटकनाशकाचा फवारा, धूप, विडी-सिगारेट यांचा धूरही पक्ष्याच्या खोलीत नसावा.

दुसरा मोठा धोका छताच्या पंख्याचा. पक्ष्याला पिंजऱ्याबाहेर सोडताना पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, आरशावर कापड आणि पाण्याची भांडी झाकलेली, हा क्रम घरातील प्रत्येकाने पाठ करावा. इतके करूनही पंख कातरावयाचे झाल्यास ते पशुवैद्याकडून शिकून घ्यावे. वाढते पीस कापले गेल्यास रक्तस्राव होतो.

सहवास व शिक्षण

पोपट हा थव्याने राहणारा पक्षी आहे. एकटा पाळलेला पोपट घरच्या माणसांनाच आपला थवा मानतो. त्याला रोज निदान तास-दोन तास माणसाचा सहवास व पिंजऱ्याबाहेरची मोकळीक मिळाली पाहिजे. ते शक्य नसेल तर जोडी ठेवावी. दिवसभर एकट्या पडलेल्या पोपटास कंटाळ्याने स्वतःची पिसे उपटण्याची सवय लागते, आणि ती सहसा सुटत नाही. कागदाची पुडी, ताडामाडाच्या पानांची वेणी, नारळाची करवंटी यांत दाणे लपवून ठेवल्यास ते शोधण्यात त्याचा वेळ जातो.

नव्या पक्ष्याला पहिले काही दिवस हात लावू नये. पिंजऱ्याजवळ बसून हळू आवाजात बोलावे. मग तळहातावर राळ्याचे कणीस धरावे. तो आपण होऊन हातावर येईपर्यंत धीर धरावा. बळेच पकडलेला पक्षी हाताला शत्रू समजू लागतो. कॉकॅटिएलचा तुरा त्याच्या मनाचा आरसा आहे. ताठ उभा असेल तर तो चकित किंवा सावध झालेला असतो, सैल मागे झुकलेला असेल तर निर्धास्त असतो, आणि डोक्याला अगदी चिकटवून फुत्कार टाकीत असेल तर चिडलेला असतो. नर शीळ घालण्यात पटाईत असून ऐकलेली चाल उचलतो, काही नर दोन-चार शब्दही बोलतात. मादी सहसा बोलत नाही. म्हणून केवळ बोलण्याच्या आशेने हा पक्षी आणू नये.

आजार ओळखणे

रानात दुबळा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. त्यामुळे पक्षी आपला आजार शेवटपर्यंत लपवितो आणि 'काल तर चांगला होता' हे वाक्य पालकाच्या तोंडी येते. यावर सोपा उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा, ठराविक वेळी, घरच्या तराजूवर पक्ष्याचे वजन करून ते वहीत टिपणे. ९० ग्रॅमचा पक्षी ८१ ग्रॅमवर आला म्हणजे दहावा हिस्सा वजन घटले, तेव्हा पशुवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. अंग फुगवून तळाशी बसणे, श्वासागणिक शेपटी हलणे, विष्ठेचा रंग पालटणे, आवाज बसणे ही लक्षणेही गंभीर मानावीत. मादी जोर करीत तळाशी बसून असेल, तर अंडे अडकल्याचा संभव असतो व तिला तत्काळ उपचारांची गरज असते.

पोपटांपासून माणसांना होणारा सिटाकोसिस नावाचा एक रोग आहे. त्याचे जंतू वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासावाटे जातात आणि ताप, अंगदुखी व खोकला येतो. हा रोग औषधाने बरा होतो, मात्र घरात पक्षी आहे हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे लागते. पिंजरा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा, नंतर हात साबणाने धुवावेत, आणि चोचीला तोंड लावून लाड करू नयेत.

आज घरात देशी पोपट असेल तर

काही वाचकांच्या घरी आजही कंठवाला किंवा पहाडी पोपट असेल. पिंजऱ्याचे दार उघडून त्याला उडवून लावणे हा त्यावरील मार्ग नव्हे. वर्षानुवर्षे कोंडलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसते, अन्न शोधण्याची व शत्रू ओळखण्याची सवय नसते. तो पहिल्याच दिवशी कावळ्यांच्या किंवा मांजराच्या तोंडी जातो. परदेशी पक्षीही मोकळा सोडू नये, त्याची गतही तीच होते. देशी पोपटाबाबत नजीकच्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयाशी संपर्क साधून पक्षी रीतसर स्वाधीन करावा. पुढील व्यवस्था वन विभागाच्या देखरेखीखाली होते. बाजारात पिले विकली जात असल्याचे दिसल्यास, दयेपोटी का होईना, ती विकत घेऊ नयेत. दयेने घेतलेल्या पिलाची किंमतही पिले काढणाऱ्याच्याच हाती पडते, आणि तो पुन्हा ढोलीकडे वळतो. तशी खबर वन विभागास द्यावी.

शिक्षकांना या कामी पुष्कळ करता येईल. कुळागराच्या किंवा शेताच्या बांधावरील एखादे जुने, वाळके झाड 'निरुपयोगी' म्हणून तोडले जाते, पण पोपटाच्या दृष्टीने ते घर असते. असे झाड राखण्याविषयी पालकांशी बोलावे. विणीच्या हंगामात मुलांना दुरूनच ढोली दाखवावी. जोडप्यातील एकाने आत बसावे, दुसऱ्याने चारा आणावा, आणि काही आठवड्यांनी ढोलीच्या तोंडाशी एक हिरवे डोके डोकवावे, हे ज्या मुलाने एकदा पाहिले ते ढोलीत हात घालणार नाही आणि घालणाऱ्यालाही अडवील.

घरात पाळावयाचा पोपट घरातच जन्मलेल्या कुळीचा असावा, त्याला जागा, योग्य अन्न व सोबत मिळावी, आणि रानातला पोपट रानात असावा. एवढा विवेक पाळला, तर राघूवरचे आपले पिढीजात प्रेम त्याच्याही हिताचे ठरेल.